वसंतातली टर्की: या चुका टाळा, निदान माझ्या शेजारच्या झाडाखाली तरी

मार्च उजाडला की फोन यायला लागतात. कुणी सेंट लुईसचा, कुणी कॅन्सस सिटीचा, सगळ्यांचं एकच: "दादा, यंदा आम्हालाही टर्की पक्ष्याच्या शिकारीला न्या." बंदूक गेल्याच महिन्यात घेतलेली असते, कॅमोच्या, म्हणजे रानात मिसळून जाणाऱ्या रंगांच्या, कपड्यांची घडी मोडलेली नसते आणि यूट्यूबवर रात्र-रात्र जागून 'अभ्यास' झालेला असतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. अमेरिकेतल्या आमच्या मिझुरी राज्यात वसंतातला शिकारीचा सीझन २१ एप्रिलच्या जवळच्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. दरवर्षी त्या तीन आठवड्यांत त्याच त्या चुका बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

भारतातल्या वाचकांच्या भुवया वर जाण्याआधी एक सांगतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथलं गणित निराळं. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली रानटर्की संपत आली होती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. उरल्यासुरल्या कळपांतले पक्षी जाळ्यांनी पकडून रिकाम्या रानांत सोडले गेले. मिझुरीत पहिला आधुनिक वसंत-सीझन १९६० साली झाला, तोही फक्त तीन दिवसांचा. तेव्हा परमिटच्या पैशांवरून माझ्यापुढे कुरकुर करू नका.

आवाजाच्या मागे जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

वसंतातली शिकार म्हणजे बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि नराला आपल्याकडे येऊ द्यायचं. नवशिक्याला हे पटत नाही. टेकडीपलीकडून गॉबल, म्हणजे नराची साद, ऐकू आला की त्याचे पाय शिवशिवायला लागतात. 'जरा शंभर यार्ड पुढे जातो.' मग अजून जरा. आता टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न हलवता तिला जवळजवळ २७० अंशांतलं दिसतं, आणि रंग तिला आपल्याहून चांगले कळतात. म्हणजे पक्षी तर मिळणार नाहीच. पण खरी भीती ती नाही. तुम्ही ज्या आवाजाच्या मागे सरपटत चालला आहात, तो आवाज माणसाचा असू शकतो. पेनसिल्व्हेनियात तर पक्ष्यावर चाल करून जाणं कायद्यानेच मना आहे. वसंतात फक्त आवाज देऊन बोलवायचं. हा नियम मला भारी आवडतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही ओझार्कच्या डोंगराळ भागात, मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टच्या एका कोपऱ्यात होतो. चौघे जण. एक नवा मुलगा, कंपनीतल्या मित्राचा मित्र, हुशार आणि बोलका. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे एक निवृत्त शेतकरी. आम्ही मराठी मंडळी त्यांना तोंडावर 'आजोबा' म्हणतो आणि त्यांना ते आता कळतं. त्यांनी अंधारातच ट्रकच्या मागच्या फळीवर कागद पसरून कोण कुठे बसणार ते टॉर्चच्या उजेडात दाखवलं. नव्या मुलाला ओढ्याच्या वळणावरचा पांढरा ओक दिला आणि सांगितलं, "दहा वाजेपर्यंत हलायचं नाही. लघवीलासुद्धा तिथल्या तिथे."

साडेआठच्या सुमारास माझ्या बॉक्स कॉलला (मादीचा आवाज काढायची झाकणाची लाकडी पेटी) एका नराने उत्तर दिलं. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने डावीकडच्या झुडपात पाचोळा वाजला. टर्की पाचोळ्यात चालते तेव्हा दोन पावलं, थांबा, एक पाऊल, परत थांबा, असं चालतं. हे तसं नव्हतं. मग बुटाच्या वर पांढऱ्या मोज्याची एक पट्टी दिसली. त्याच्यावर गुडघा. त्याच्यावर माझ्याच रोखाने धरलेली नळी.

अशा वेळी हात हलवायचा नाही, उठायचं नाही, टर्कीचा आवाज तर मुळीच काढायचा नाही. जागच्या जागी बसून माणसाच्या आवाजात, पोटातून ओरडायचं. मी "स्टॉप!" असा ओरडलो की पलीकडच्या दरीतले कावळे उठले. पोरगा जागीच खाली बसला. सेफ्टी काढलेली होती. त्याला मी दिसलोच नव्हतो. त्याला 'मादी' ऐकू आली होती आणि मादीमागे नर असणार, असा त्याचा हिशेब.

आजोबा आले. एक शब्द न बोलता त्यांनी त्याची बंदूक रिकामी केली, काडतुसं स्वतःच्या खिशात टाकली आणि त्याला ट्रकपाशी नेऊन थर्मासमधली कॉफी दिली. आरडाओरडा मी करणार होतो, पण त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. पुढचा आठवडाभर पोराने बंदुकीशिवाय यायचं असं ठरलं. मला वाटलं, हा काही आता येत नाही. आला. रोज पहाटे चारला आला, माझ्या शेजारी झाडाला टेकून बसला, आणि एक दिवस मी पाडलेला नर त्याने पाठीवर टाकून गाडीपर्यंत आणला. आमच्यात माणूस टिकतो तो असा. अचूक नेमवाले पुष्कळ येतात आणि जातात.

माझ्या सवयी सांगतो. झाड खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं घ्यायचं. मागून कुणी आला तर पाठ झाकलेली राहते. बसलो की बुंध्याला नारिंगी पट्टी गुंडाळायची. टर्कीला नारिंगी रंग दिसतो, हे खरं, पण पट्टी हलत नाही आणि तुम्ही हलता, तेव्हा दोष पट्टीला देऊ नका. आणि कपड्यांत लाल, पांढरा, निळा काही नको, अगदी रुमालाची किनारसुद्धा नको, कारण नराच्या डोक्याचे रंग नेमके तेच. मोजेही तपासा. मी आता सगळ्यांचे तपासतो, राग आला तरी.

तोंड बंद न ठेवणं

आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. टर्कीच्या रानात उलटं आहे.

निसर्गाची रीत अशी की नर गॉबल करतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण त्याला उलटं करायला सांगतो: तू ये. त्याने उत्तर दिलं म्हणजे तो निघाला असं नव्हे. बऱ्याचदा तो जागेवर पिसारा फुलवून वाट बघत असतो की बाई आता येईल. अशा वेळी तुम्ही दर मिनिटाला साद दिली, की त्याची खात्रीच पटते: ही एवढी बोलतेय म्हणजे येतेच आहे. मग तो कशाला हलेल? गप्प झालात तर त्याला प्रश्न पडतो, गेली कुठे? त्या प्रश्नापायी तो येतो.

नवशिक्याने तोंडात टाळूला लावून वाजवायचा डायफ्रॅम कॉल नवा घेतलेला असतो, गाडीत महिनाभर सराव करून बायकोचं डोकं उठवलेलं असतं, तेव्हा तो आता थांबणार कसा? माझी पद्धत सरळ आहे. तीन-चार यल्प, म्हणजे मादीच्या साध्या सादा, द्यायच्या, हळू. उत्तर आलं की बॉक्स कॉल बुटापाशी खाली ठेवायचा, हाताला लागणार नाही असा. हातात राहिला की हात चालतो. (बॉक्स कॉलच्या झाकणाला खडू लावतात आणि खडू ओला झाला की आवाज मरतो. पावसात तो ब्रेडच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. यासाठी महागडं कव्हर विकणारे आहेत. घेऊ नका.)

आणि वेळ द्या. पहाटे झाडावरून उतरल्यावर नराभोवती माद्या असतात. तो तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नऊ-दहाच्या सुमारास माद्या घरट्यांकडे पांगतात आणि हा एकटा पडतो. नेमक्या त्या वेळी आमचे नवे मित्र पॅनकेक खायला गावात गेलेले असतात आणि तिथून मेसेज टाकतात, 'आज रानात काहीच नाही.' सरकारी जमिनीवर दुपारी १ पर्यंत मुभा आहे, ती वापरा. आजोबा तर नऊनंतर झाडाला टेकून चक्क डुलकी काढतात. घोरतात म्हणावं इतकी. तरी त्यांना पक्षी मिळतो, कारण ते हलत नाहीत.

उशिरा येणारा नर बहुतेक वेळा न बोलता येतो. तेव्हा गॉबलची वाट बघू नका, ड्रमिंग ऐका. आधी एक बारीक 'फ्ट', मग खोल घुमणारा 'डूऽऽम'. हा आवाज कानाला लागण्याआधी बरगड्यांत जाणवतो आणि दिशा कळत नाही. तो जाणवला की बंदूक गुडघ्यावर हवी. नसेल तर आता उचलू नका. त्याचं डोकं झाडामागे जाईल तेव्हा उचला.

बाकीच्या, थोडक्यात

कागदावर न झाडलेली बंदूक घेऊन येणं. प्रत्येक बंदूक, चोक (नळीच्या तोंडाचं छर्रे आवळणारं टोक) आणि काडतूस यांचा मेळ वेगळा. ४० यार्डांवर कागद लावा, १० इंचांच्या वर्तुळात छर्रे किती बसतात ते मोजा. हल्लीचे टंगस्टनचे टीएसएस छर्रे शिशापेक्षा बरेच जड असतात, लांब मारा करतात आणि खिसाही तितकाच रिकामा करतात. पण ते घेतले म्हणून ६० यार्डांवर हात चालवायचा, हा शॉर्टकट मला मान्य नाही. बसल्यावर ४० यार्डांवरचं एक झाड मनात धरा. त्याच्या पलीकडचा पक्षी दुसऱ्याचा.

पिसारा फुललेला असताना झाडणं. मान आखडलेली असते. कॉलवर एक 'क्लक' असा तुटक आवाज द्या, मान वर येईल. नेम मानेवर, अंगावर कधीच नाही.

जेकला 'मोठा नर' म्हणून मिरवणं. पिसाऱ्यातली मधली पिसं लांब असली तर तो जेक, एका वर्षाचा पोर. कायद्यात बसतो, पण फोटोखाली काय लिहिताय ते बघा.

दाढी असलेली मादी. काही माद्यांना छातीवर नरासारखी केसांची दाढी असते आणि मिझुरीत दाढी दिसली की पक्षी मारणं कायदेशीर. आम्ही सोडतो. ती अंड्यांवर बसणार असते.

डिकॉय, म्हणजे नकली टर्की, उघडा खांद्यावर टाकून चालणं. पिशवीत न्या. आणि पिसाऱ्याआड लपून पक्ष्याकडे सरकत जाणं, ज्याला फॅनिंग म्हणतात, ते आमच्या गटात बंद आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही टर्कीच दिसता. यावर वाद घालायला कुणी येऊ नये.

गोचिडी. इथली लोन स्टार गोचीड चावली तर काहींना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते आणि मटण, बीफ, पोर्क बंद होतं. ज्याचा रविवार मटणाशिवाय जात नाही त्याने हे दोनदा वाचावं. आदल्या दिवशी कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, वाळू द्या. अंगाला लावायचं नाही.

परमिट आणि व्हिसा. १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिझुरीत हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीचा सुरक्षा-कोर्स, लागतं. एच-१बीवाल्यांनो, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारण मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स हा एक अपवाद. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. पक्षी मिळाला की त्याच दिवशी रात्री १० च्या आत टेलिचेकवर, म्हणजे वन्यजीव खात्याच्या नोंदणी सेवेवर, नोंद.

माणसांच्या बाबतीतल्या चुका

कुणी विश्वासाने जागा दाखवली की तिचा पिन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. अशा माणसाला मी परत नेत नाही, संपलं. रस्त्याच्या टोकाला आधीच कुणाचा ट्रक उभा दिसला तर आपण दुसरीकडे जायचं. 'मी जरा बाजूने जातो' असं म्हणायचं नाही.

शेतकऱ्याच्या जमिनीवर गेलात तर फाटक जसं होतं तसं ठेवा. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. आणि फक्त एप्रिलमध्ये तोंड दाखवू नका. आम्ही ज्यांच्या शेतावर जातो त्यांच्या कुंपणाच्या तारा फेब्रुवारीत ओढायला जातो आणि दिवाळीत फराळाचा डबा देतो. चकली त्यांना दगड वाटते, पण पोह्यांच्या चिवड्याची घरातल्या आजी ऑक्टोबरपासून चौकशी करतात.

दुसऱ्याला पक्षी मिळाला की तोंड पाडून गाडीत बसणारे असतात. त्यांनी गोल्फ खेळावं. आमच्यात ज्याने आवाज दिला त्याचा आणि ज्याने चाप ओढला त्याचा, असा पक्षी दोघांचा धरतात, आणि सोलायला सगळे बसतात.

सोलताना छातीचं मांस काढून तंगड्या कचऱ्यात टाकणं ही शेवटची. इथले कित्येक जण टाकतात, म्हणे चिवट असतात. असतातच. रोज मैलोगणती चालणारा पक्षी आहे तो, फार्मवरचा नव्हे. तंगडीतल्या कडक शिरा पकडीने ओढून काढा, रात्रभर दही-हळदीत ठेवा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला लावा. शिट्ट्या मोजू नका. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून चाळीस मिनिटं ठेवा, आणि जुना नर असेल तर वर अजून पंधरा.