हाटूच्या वाटेवरचा बर्फ आणि चिखल : इंदूरहून जाणाऱ्यांनी या चुका टाळा

बर्फ पाहायचा म्हणजे मनाली किंवा कुफरी, हा इंदूरच्या मराठी घरांतला ठरलेला बेत. त्या गर्दीला कंटाळलेल्यांसाठी सिमल्याच्या पुढे सुमारे पासष्ट किलोमीटरवर असलेले नारकंडा आणि त्याच्या डोक्यावरचे हाटू शिखर ही एका दिवसाच्या पायपिटीची उत्तम जागा आहे. नारकंडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटरवर आहे आणि हाटू सुमारे ३,४०० मीटरवर. नारकंडा–थानेदार रस्त्यावरून फुटणारी अरुंद, चढाची सडक उन्हाळ्यात थेट वरपर्यंत गाड्या नेते. हिवाळ्यात मात्र ती बर्फाखाली जाते आणि देवदार, रई (स्प्रूस) यांच्या जंगलातून साधारण सात किलोमीटर पायीच चढावे लागते. माथ्यावर हाटू मातेचे कोरीवकामाचे लाकडी मंदिर आहे, आणि जवळच गोरख्यांच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा डोंगराळ मुलूख गोरख्यांच्या ताब्यात होता. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज–नेपाळ युद्धानंतर तो त्यांच्या हातून गेला. त्या काळात अशा माथ्यांवर ठाणी बसत, ती चारही दिशांची हालचाल दिसावी म्हणून. मांडूचा रूपमती मंडप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको, कारण तोही मुळात निमाडच्या खोऱ्यावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला टेहळणीचा चौथराच होता.

येथे जाणारे बहुतेक लोक तयारी करतात ती बर्फाची, आणि फसतात ते ओलीमुळे. उणे पाच अंशांतला कोरडा, कडक बर्फ फारसा त्रास देत नाही. शून्याच्या आसपास वितळणारा बर्फ, त्याखालचा चिखल आणि वरून भुरभुरणारी हिमवृष्टी हे तिन्ही एकत्र आले की खरी परीक्षा सुरू होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत हाटूच्या वाटेवर बहुधा हेच वाट्याला येते.

उशिरा निघणे

बाकीच्या निम्म्या चुका या एका चुकीतून जन्माला येतात. पोहे-जिलबी झाल्याशिवाय उंबरठा न ओलांडणारे आपण लोक डोंगरावरही दहा वाजता निघतो, आणि तेथे दहाची वेळ सर्वांत वाईट असते. रात्रीच्या थंडीने बर्फाचा वरचा थर घट्ट गोठतो आणि सकाळी त्यावरून चालता येते. ऊन चढू लागले की तो थर मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि प्रत्येक पाऊल उपसून काढताना दम लागतो. दुपारी वितळलेले पाणी सडकेवरून वाहत राहते, आणि सूर्य कलला की तेच पाणी पारदर्शक बर्फ होऊन बसते. हा बर्फ ओल्या डांबरासारखाच दिसत असल्यामुळे उतरताना त्यावर पाय पडेपर्यंत कळत नाही.

किती वेळ लागेल याचा हिशेब आधी कागदावर करावा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने हाटूच्या सात किलोमीटर आणि सातशे मीटर चढाला अडीच तासांहून थोडे अधिक लागतात. पण हा ठोकताळा कोरड्या वाटेवर चालणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचा आहे. भुसभुशीत बर्फात तो वेळ सहज दुप्पट होतो, आणि घोळक्यात मुले किंवा ज्येष्ठ असतील तर त्याहूनही वाढतो. म्हणून उजाडताच निघावे, आणि माथा आला नसला तरी अमुक वाजता मागे फिरायचे हे नारकंड्यातच ठरवून टाकावे. दुपारी बारा ही परतीची वेळ मला योग्य वाटते. “आता एवढे आलोच आहोत तर” हे वाक्य ज्याच्या तोंडून प्रथम निघेल, त्याच्या हातात पुढची सूत्रे देऊ नयेत, मग तो घोळक्यातला सर्वांत वडीलधारा काका का असेना.

घोट्याखालचा हलगर्जीपणा

पावसाळ्यात जानापाव किंवा चोरलच्या वाटा तुडवलेल्यांना चिखलाचे भय वाटत नाही, आणि घोटाळा तेथेच होतो. मालव्याची काळी माती बुटाला चिकटते, बूट जड करते, पण निदान धरून तरी ठेवते. हिमालयातल्या बर्फाखालची माती वरचे चार बोटे वितळलेली आणि खाली दगडासारखी गोठलेली असते. गोठलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, त्यामुळे ते वरच्या चिखलातच साठून राहते, आणि त्यावर ठेवलेला पाय तापल्या तव्यावर लोण्याचा गोळा सरकावा तसा निसटतो. पावलांची लांबी कमी करावी, टाच आपटून उतरण्याऐवजी पूर्ण तळवा टेकवावा आणि काठी नेहमी उताराच्या बाजूला टेकावी.

वळणांकडेही लक्ष असू द्यावे. हाटूची सडक नागमोडी आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या वळणावर ऊन लागून चिखल होतो, आणि पन्नास पावलांवरचे उत्तरेकडचे वळण देवदारांच्या सावलीत कडक बर्फाचे असते. त्यामुळे एकाच चालीने चालता येत नाही. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स कडक बर्फावर फार कामाचे. चिखलात आणि मऊ बर्फात मात्र त्यांच्या दातांमध्ये गोळे बसतात व पकड उलट कमी होते. काठीने टोला देऊन ते गोळे पाडावेत, आणि सलग चिखल लागला तर आळस न करता स्पाइक्स उतरवून पिशवीत ठेवावेत.

डबके दिसले की कडेकडेने जाण्याचा मोह टाळावा. कडेचा बर्फ बहुधा खालून पोकळ असतो, आणि प्रत्येकाने नवी कड तुडवली की वाट रुंद होत जाऊन शेजारची झुडपे मरतात. पाण्याची खोली काठीने पाहावी आणि मधूनच चालावे. झाडाच्या बुंध्यालगत व मोठ्या दगडांच्या भोवती बर्फ आतून वितळून पोकळी झालेली असते, तेथे पाय देऊ नये. कंबरेपर्यंत आत गेलेला पाय जोराने ओढला तर गुडघा दुखावतो. अशा वेळी बसावे, पायाभोवतीचा बर्फ हातांनी उकरावा आणि मगच पाय सोडवावा.

बुटांविषयी एक गोष्ट बारकाईने सांगण्यासारखी आहे. चार-सहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले, दोनदा घातलेले आणि मग माळ्यावरच्या खोक्यात ठेवलेले महागडे बूट दिसायला नवेकोरे असतात. पण तळातला पॉलियुरेथेनचा, म्हणजे फेसाळ प्लॅस्टिकचा, मधला थर हवेतल्या दमटपणामुळे, न वापरतासुद्धा, आतून ठिसूळ होत जातो. मग ओल्या बर्फात तासभर चालल्यावर आधी टाचेकडून एक फट दिसते, त्या फटीत चिखल जातो, आणि पुढच्या वळणापर्यंत अख्खा तळ जिभेसारखा लोंबू लागतो. निघण्यापूर्वी घरी अंगठ्याने तळाची कड दाबून पाहावी, बूट दोन्ही हातांनी वाकवावा. भुगा पडला किंवा भेग दिसली तर तो जोड घरीच ठेवावा. वाटेतच असे झाले तर नाडीच्या दोरीने किंवा कापडी चिकटपट्टीने तळ बुटाच्या पुढच्या भागाभोवती घट्ट बांधावा आणि तेथूनच परत फिरावे.

अंगावरची ओल

जीन्स आणि सुती बनियन या दोन वस्तूंनी या वाटेवर जेवढी माणसे गारठवली असतील, तेवढी बर्फाने नक्कीच गारठवली नसतील. सुती कापड ओले झाले की त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते, हे लक्षात घेतले तर ओल्या जीन्समधला थरकाप समजतो. त्यातच उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे नारकंड्याच्या बाजारातल्यापेक्षा माथा चार-पाच अंशांनी थंड, आणि वारा निराळाच.

ओल नेहमी बाहेरूनच येते असे नाही. गारठ्याच्या भीतीने खालीच स्वेटर, त्यावर फुगीर जाकीट, त्यावर पॉन्चो चढवून निघणारा माणूस पहिल्या चढावरच घामाने भिजतो, आणि फोटो काढायला थांबला की तोच घाम त्याला गोठवतो. निघताना किंचित थंडी वाजेल एवढेच कपडे ठेवावेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, आणि वारा-पाणी अडवणारे कवच पिशवीत हाताशी, एवढे पुरते. फुगीर जाकीट थांबल्यावर घालायचे असते. मोज्यांचे आणि हातमोज्यांचे जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत. पाठपिशवीवरचे पावसाळी आवरण बर्फाळ वाऱ्यात उडून जाते, आतल्या बाजूने लावलेली कचऱ्याची जाड पिशवी अधिक भरवशाची. बुटात चिखल-बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर गेटर, म्हणजे बुटाचे तोंड झाकणारी कापडी आवरणे, बांधावेत.

गॉगल विसरू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्के भाग परावर्तित करतो, आणि ढगाळ दिवशीही त्याने डोळे पोळतात. फोन छातीशी, आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठू लागते, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. खाण्यासाठी गूळपापडी, तिळाचे लाडू, दशम्या यांच्यासारखे हातमोज्यांनीही उचलता येईल असे काही असावे. रतलामी शेव नेण्यास हरकत नाही, पण ती पोट भरण्यासाठी नव्हे, जिभेसाठी.

माथ्यावर रेंगाळणे

टेहळणीची जागा म्हणजे आडोसा नसलेली जागा. तेथून सगळे दिसते, याचाच अर्थ तेथे सगळीकडून वारा लागतो. डबा माथ्यावर उघडण्याचा आग्रह सोडावा. शेवटच्या झाडांच्या रांगेत, वारा लागणार नाही अशा बाजूला बसून खावे, मग माथ्यावर जाऊन दर्शन घ्यावे, हवा स्वच्छ असेल तर श्रीखंड महादेवाच्या बाजूची हिमशिखरे पाहावीत आणि परतावे. जुन्या दगडी अवशेषांवर चढू नये. बर्फाखाली भिंत कोठे संपते आणि उतार कोठे सुरू होतो हे दिसत नाही, शिवाय कडेला वाऱ्याने साचलेली बर्फाची झालर पुढे नुसतीच अधांतरी असते. अवशेषांच्या आडोशाला शेकोटी पेटवणे आणि तेथला दगड आठवण म्हणून पिशवीत टाकणे, या दोन्ही गोष्टी सुशिक्षित घरांतले लोक करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

बिघडलेच तर

इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि चंडीगड त्याहूनही खाली. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट हाटू चढणाऱ्याचे डोके दुखले, मळमळले, तर तो पित्ताचा त्रास समजून चालू नये. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, आणि त्यावरचा उपाय खाली उतरणे हाच आहे. आदली रात्र नारकंड्यात काढली तर हा धोका बराच कमी होतो.

कोणी अडखळू लागला, बोलणे जड झाले, जाकिटाची चेन लावता येईना, तर तो थकला आहे असे म्हणून पुढे ढकलू नये. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ लागल्याची ही चिन्हे आहेत. त्याला वाऱ्यातून बाजूला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके व मान झाकावी, खाली पाठपिशव्या किंवा चटई टाकून बसवावे आणि नीट शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गोड, गरम पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, बधिर बोटे शेकोटीवर धरू नयेत. “एक घोट घ्या काका, गरम वाटेल” म्हणून पुढे येणारी बाटली परत करावी, कारण मद्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढून आतली ऊब आणखी लवकर निघून जाते. थरथर थांबली आणि माणूस पेंगू लागला तर ती सुधारणा नव्हे. ११२ वर संपर्क साधावा आणि त्याला चालायला लावू नये.

धुके उतरले तर जंगलातून जवळची वाट काढण्याचे धाडस करू नये. सडक लांब असली तरी ती नारकंड्याच्या रस्त्यालाच मिळते. ताजा, जोरदार बर्फ पडत असेल तर त्या दिवशी वर जाणे रद्द करून थानेदार-कोटगढच्या सफरचंदाच्या बागांकडे फिरावे. अमेरिकेहून येऊन येथे स्थायिक झालेले सॅम्युएल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकन जातींची लागवड सुरू केली, ती याच भागात.

स्वतःची गाडी घेऊन गेलेल्यांनी ती फाट्याच्या खाली, सपाटीवर लावावी. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रीत गोठून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर बुटांचा चिखल ओला असतानाच धुवावा, आतले तळवे काढावेत आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दर दोन-तीन तासांनी बदलावेत. हीटरपुढे किंवा शेकोटीशेजारी ठेवलेल्या बुटांचा डिंक सुटतो, आणि मग दुसऱ्या दिवशीची चाल नारकंड्याच्या बाजारातून विकत घेतलेल्या रबरी गमबुटांत करावी लागते.