दोन सारखी रिव्हॉल्व्हर, किमती मात्र वेगळ्या: फरक कसा ओळखावा

एकाच नावाचं रिव्हॉल्व्हर कारखाना वर्षानुवर्षं विकत राहतो, पण त्यात बारीकसारीक बदलही करत राहतो. कुठे एक स्क्रू कमी होतो, कुठे एखादी पिन नाहीशी होते. वापरणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं. संग्राहक मात्र नेमके त्या स्क्रूचेच पैसे मोजतो. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपन्यांची उदाहरणं घेऊन हे फरक कसे पाहायचे ते बघू.

१. आधी रिकामं करा

सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, उघडून त्यातलं काडतुसाचं प्रत्येक घर डोळ्यांनी तपासा. कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मी या जुन्या मॉडेलचं सिलिंडर बाजूला उघडत नाही. तिथे लोडिंग गेट, म्हणजे मागची छोटी झडप, उघडून एकेक घर समोर आणावं लागतं. मालकाला न विचारता चाप ओढू नका, आणि सिनेमात दाखवतात तसं सिलिंडर गरगर फिरवू तर नकाच. त्याने सिलिंडरवर रेघ उमटते, आणि ती रेघ किंमत खाते.

२. नेमका प्रकार ठरवा

स्मिथ अँड वेसनने १९५७ मध्ये नावांऐवजी मॉडेल क्रमांक आणले. सिलिंडर उघडलं की त्याचा दांडा फ्रेममध्ये जिथे बसतो, त्या खाचेत हा क्रमांक ठोकलेला असतो. त्यापुढचा डॅश आणि आकडा विसरू नका, कारण रचनेतला बदल तोच सांगतो. मॉडेल २९ हे .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं. गोळी सुटतानाच्या झटक्याने एजेक्टर रॉडचे, म्हणजे रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे, आटे सुटून सिलिंडर अडकू नये म्हणून ते आटे उलटे केले, आणि २९-१ जन्माला आलं. लगेच पुढचा बदल आला, म्हणून २९-१ थोडीच बनली. २९-२ मात्र अनेक वर्षं निघत राहिलं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच!

क्रमांक नसेल तर स्क्रू मोजा. जुन्या ‘फाइव्ह स्क्रू’ रिव्हॉल्व्हरला बाजूच्या पत्र्यावर चार आणि चापाच्या कड्यापुढे एक असे पाच स्क्रू असतात. पत्र्यावरचा वरचा स्क्रू १९५५ च्या सुमारास गेला, कड्यापुढचा १९६१ च्या सुमारास. मोजताना मुठीखाली दडलेला स्क्रू धरायला विसरू नका, नाहीतर पाचाचे चार होतील. १९८२ च्या आसपास नळी पक्की करणारी आडवी पिन आणि मॅग्नम काडतुसाची कड आत बसवणारी सिलिंडरची खोलगट घरंही बंद झाली. पिन असलेलं रिव्हॉल्व्हर म्हणूनच जास्त मागितलं जातं. त्याने नेम सुधारतो असं मला तरी वाटत नाही, पण बाजार माझं ऐकत नाही.

सिंगल ॲक्शन आर्मीची पिढी पाहा. १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची पहिली, १९५६ पासूनची दुसरी, १९७६ पासूनची तिसरी. पहिल्या पिढीतही सिलिंडरची मधली पिन फ्रेमच्या पुढून स्क्रूने धरलेली असेल तर ती जुनी ‘ब्लॅक पावडर’, म्हणजे काळ्या दारूच्या काळातली, फ्रेम. आडव्या खिट्टीने धरलेली असेल तर ती नंतरची. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला अमेरिकेचा संघीय कायदा पुरातन मानतो. त्यामुळे सीमेवरच्या सिरीयल नंबरांत एखाद्या वर्षाचा फरकही महागात पडतो.

३. मूळपण तपासा

दुर्मीळ प्रकार नंतर पॉलिश होऊन नव्याने ब्लुइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) केलेला असेल, तर त्याच्या दुर्मीळपणाला निम्मा अर्थ उरतो. अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात का, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेत का, हे पाहा. स्मिथ अँड वेसनच्या निकेलचा मुलामा दिलेल्या रिव्हॉल्व्हरवर घोडा आणि चाप सहसा निकेलचे नसतात. तेही चकचकीत असतील तर बाहेरच्या कुणाचा हात लागलाय असं समजा. नंबराशेजारी चांदणी असेल तर ते दुरुस्तीसाठी कारखान्यात परत जाऊन आलंय.

फ्रेम, सिलिंडर, नळी यांवरचे नंबर जुळायला हवेत, असं सगळे सांगतात. पण सैन्याच्या ‘आर्टिलरी’ कोल्टला हा नियम लावू नका. घोडदळाची साडेसात इंची नळीची रिव्हॉल्व्हर १८९० च्या दशकात साडेपाच इंची करताना सुटे भाग सरमिसळ करून जोडले गेले. तिथे वेगवेगळे नंबर हीच बहुतेकदा अस्सलतेची खूण.

४. मागणी पाहा

कमी बनलं म्हणजे महाग, असं नाही. स्मिथ अँड वेसनच्या १९३५ च्या रजिस्टर्ड मॅग्नमची नळी साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने, गिऱ्हाईक मागेल तशी मिळे. ते दुर्मीळही आहे आणि लोकांना हवंही आहे. उलट कारखान्याने मुद्दाम मर्यादित काढलेल्या स्मारक आवृत्त्या सगळ्यांनीच डब्यासकट जपून ठेवल्या, मग त्यांचं अप्रूप राहिलं कुठे?

५. कारखान्याचं पत्र मागवा

दोन्ही कंपन्यांच्या जुन्या नोंदींवरून सिरीयल नंबर देऊन पत्र मागवता येतं. जुन्या रिव्हॉल्व्हरचं पत्र ते कधी आणि कुठे रवाना झालं ते सांगतं. नोंद असेल तर नळीची लांबी आणि फिनिशही कळतं. पत्रात निळं, हातात निकेल, असं निघालं तर विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, भाव फिनिश बदललेल्या रिव्हॉल्व्हरचाच लावा.