पैज लावायचीच तर आधी कागद काढा

परवा माझ्या इंदिरानगरच्या दुकानात दोन पोरं भांडतच आली. लॅपटॉपचं मॉडेल एकच, प्रोसेसर एकच, पण सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत एकाचा आकडा बराच वर. हरेल त्यानं मिसळ खाऊ घालायची, अशी पैज. मी विचारलं, चार्जर कुठंयत? एकाचा बॅगेत होता, म्हणजे त्याचा लॅपटॉप बॅटरीवर, वेग राखून चाललेला.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आकडा दिसायच्या आधी नियम कागदावर लिहून काढा. आकडा दिसला की जो तो आपल्या सोयीचा नियम शोधतो. मीही शोधलेत.

दोन्हीकडे चार्जर लावलेला, पॉवर मोड सारखा, विंडोजचे अपडेट उरकलेले, ब्राउझर बंद. हे सोपं.

घोळ होतो तो तापण्यात. थंड लॅपटॉप सुरुवातीला थोडा वेळ जादा वीज ओढून सुसाट पळतो, तापला की स्वतःच वेग उतरवतो. एकच फेरी मारली तर नुसती ती सुरुवातीची धाव मोजली जाते. आर२३ मध्ये १० मिनिटांची चाचणी त्यासाठीच दिलीय, ती बंद करू नका. दोन्ही मशीन एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवा; गादीवर तर नाहीच नाही. एप्रिल-मेत नाशकात पारा चाळिशीला टेकतो. त्या दुपारचा आकडा डिसेंबरातल्या पहाटेच्या आकड्यासमोर मांडून भांडू नये.

चाचणीची आवृत्तीही लिहा. गीकबेंच ही अशीच दुसरी चाचणी; तिच्या ५ मध्ये इंटेलच्या आय३-८१०० प्रोसेसरला १००० गुण धरलेत, गीकबेंच ६ मध्ये आय७-१२७०० ला २५००. मोजपट्टीच बदललीय, त्यामुळे एकाचे १५०० दुसऱ्याच्या १५०० शी लावता येत नाहीत.

रॅमचं मी सांगू नये खरं तर. माझ्याच पीसीत ३२०० ची रॅम सहा महिने २१३३ वर चालत होती, बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालूच केलं नव्हतं. सेव्हन-झिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत मार खाल्ला आणि दोष प्रोसेसरला देत बसलो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारा, वेग तिथंच दिसतो. रॅमची कांडी एक की दोन, तेही टिपा.

फेऱ्या तीन, धरायचा तो मधला आकडा. संगणकांच्या वेगाच्या चाचण्या ठरवणाऱ्या, १९८८ साली स्थापन झालेल्या स्पेक संस्थेच्या सीपीयू २०१७ चाचणीतही असंच आहे: तीन फेऱ्या असतील तर मधली, दोनच असतील तर त्यातली हळू. सगळ्यात चांगली फेरी निवडायची सोय नाही.

पोरांना हेच करायला लावलं. दोन चार्जर, तीन-तीन फेऱ्या, मध्ये चहा. दोघांतला फरक एकेकाच्या स्वतःच्या फेऱ्यांमधल्या फरकाहूनही लहान निघाला. असं झालं तर बरोबरी, हे कागदावर आधीच होतं. मिसळीचं बिल अर्धं-अर्धं. माझी प्लेट त्यातच.