नागपूरच्या उन्हाळ्यात झिंक ऑक्साइडचा थर ठिपकेदार येत असेल तर

मे महिन्यात काचेवरचा थर विरळ आणि ठिपकेदार आला, तर आधी झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेटची, म्हणजे थराला जस्त पुरवणाऱ्या मिठाची, बाटली बघा. हे मीठ साधारण 36 अंशांना स्वतःच्याच स्फटिकजलात वितळतं, आणि आपल्याकडे पारा 45 पर्यंत जातो. वर कूलरची दमट हवा. मिठाने पाणी ओढलं, की तोललेल्या ग्रॅममध्ये जस्त कमी येतं. दर वेळी तोलणं सोडून एकदाच दाट द्रावण करून ठेवल्यावर माझी अडचण सुटली.

नवी बाटली फ्रीजमध्ये थंड करून 14.87 ग्रॅम मीठ तोला, डीआयोनाइज्ड पाण्यात विरघळवून 100 मिली करा. हेक्सामिनचं (गरम झाल्यावर द्रावण हळूहळू अल्कधर्मी करणारं रसायन) 7.01 ग्रॅमचं असंच वेगळं द्रावण. दोन्ही 0.5 मोलर. प्रयोगाच्या वेळी प्रत्येकी 5 मिली एकत्र घेऊन पाण्याने 100 मिली केलं, की 25 मिलिमोलर तयार. बोअरचं पाणी धुवायलाही नको, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे जस्ताचा कार्बोनेट बसतो.

काचेवर आधी झिंक ॲसिटेटचा बीजथर, म्हणजे ज्यावर पुढची वाढ होते तो पातळ थर, हवाच: इथेनॉलमध्ये 5 मिलिमोलर, तीन-चार थेंब, मग 350 अंशांवर 20 मिनिटं. काच 25 मिलिमोलर द्रावणात बीजाची बाजू खाली करून तिरपी ठेवा, नाहीतर द्रावणात तयार झालेली पांढरी भुकटी तिच्यावर बसते. झाकणबंद बाटली 90 अंशांवर 3 तास.

एवढ्याने झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म सुट्या कांड्या उभ्या राहतात. सलग थर हवा असेल तर ट्रायसोडियम सायट्रेट, तेही 100 मिलीत 6 मिलिग्रॅमपासूनच सुरू करा. सायट्रेट कांडीच्या टोकाला चिकटून उंची रोखतं, म्हणून वाढ आडवी पसरते.