८० मीटरवर खरखर? आधी मेन स्विच बंद करा

हॅम रेडिओच्या ८० आणि ४० मीटर बँडवर खरखरीमुळे एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) सतत ७-८ वर अडकलेला असेल, तर नवी अँटेना उभारण्याआधी रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरही बंद हवा. तो विसरलात तर सगळी चाचणी फुकट. खरखर उतरली तर चोर घरातच आहे. आता सगळे एमसीबी बंद ठेवून मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चालू करत ऐका. बहुधा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर किंवा राउटरचा अडॅप्टर हाती लागतो.

तो बदलता येत नसेल तर त्याची वायर ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) रिंगमधून ८-१० वेढे देऊन गुंडाळा. वायरवर नुसता फेराइटचा मणी अडकवून या बँडांवर फारसं काही होत नाही. खरखरीला होणारा अवरोध साधारण वेढ्यांच्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून खरं काम वेढेच करतात.

मेन बंद करूनही आवाज तसाच? मग तो बाहेरचा. ऐकण्यापुरती सुमारे १ मीटर व्यासाची उभी लूप अँटेना लावा आणि सावकाश फिरवा. लूपच्या वर्तुळाची सपाट बाजू आवाजाच्या उगमाकडे आली की आवाज झपकन बुडतो. ट्रान्समिट मात्र नेहमीच्या डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारांच्या) अँटेनावरूनच करा.