ड्रॅग ठीक होता, दोरीच घसरत होती

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या वेस्ट बे या खाडीत मित्रांबरोबर रेडफिशला गेलो होतो. शेपटीजवळ काळा ठिपका असलेला हा तांबूस मासा आपल्या घोळीच्याच कुळातला. तरंग्याखाली जिवंत कोळंबी लावून गवताच्या कडेला टाकली, थोड्याच वेळात तरंगा गडप! पण हँडल गरगर फिरतंय आणि दोरी इंचभरही आत येत नाही. ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर दोरी किती सहज सुटेल हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, आवळला, आणखी आवळला, नॉब जाम होईपर्यंत. मासा गेलाच. "भंगार आहे रे तुझं रीळ," मित्र म्हणाला. (त्याचं माझ्याहून जुनं.)

होडीतच स्पूल, म्हणजे रिळातली दोरी गुंडाळायची चकरी, काढलं. ड्रॅगच्या चकत्या कोरड्या, व्यवस्थित. मग दोरीचा गठ्ठा चिमटीत धरून फिरवून पाहिला, तर अख्खा गठ्ठा मनगटातल्या सैल बांगडीसारखा स्पूलवर फिरला. मी नुकतीच विणलेली दोरी भरली होती, थेट धातूवर. ती गुळगुळीत, शिवाय अजिबात ताणत नाही, त्यामुळे पकडच बसत नाही. नायलॉन ताणतं आणि आवळून बसतं, म्हणून आधी कधी हा त्रास झाला नव्हता.

सगळी दोरी उतरवली, प्रथमोपचाराच्या डब्यातली चिकटपट्टी स्पूलला गुंडाळली, त्यावर गाठ मारली आणि ओल्या फडक्यातून ताण देत दोरी परत भरली. अर्धा तास गेला. घरी आल्यावर पट्टी काढून खाली नायलॉनचे दहाएक वेढे दिले.

संध्याकाळी 24 इंची लागला. टेक्सासमध्ये 20 ते 28 इंचांचा ठेवता येतो, म्हणून तो थेट बर्फात. रवा लावून तळला, मित्रालाही दिला.