उतारवयातल्या ऑपेरा गायकाचा व्हिडिओ कसा ऐकायचा
आधी बघा गाणं खरंच लाइव्ह आहे का, कारण २००६च्या तुरीन विंटर ऑलिंपिकमध्ये टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) पावारोत्ती गाताना दिसतो ते आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, मग त्यावरून दम किती उरलाय ते काय कळणार! नंतर डोळे मिटून लांब स्वर ऐका, व्हायब्रेटो (स्वरातलं कंपन) झुलतोय का, ओळीच्या मधेच श्वास घेतोय का, पट्टी उतरवलीय का. आवाज केवढा मोठा हे मात्र व्हिडिओवरून ठरवू नका, माइक जवळ असला की सगळेच दणदणीत. दुसरा प्रसिद्ध टेनर डोमिंगो २००९पासून बॅरिटोनच्या (टेनरपेक्षा खालच्या पुरुषी आवाजाच्या) मोठ्या भूमिका करायला लागला, पण आवाजाचा रंग टेनरचाच राहिला, तर तिथे तुलना त्याच्या तरुणपणाशी नाही, खऱ्या बॅरिटोन लोकांशी करा. आणि शब्दफेक! ती वयाबरोबर बऱ्याचदा सुधारते, माझे अर्धे मार्क तिथेच.